मोशेची मुले त्या दिवशी कोठे होती?

शास्त्रवाचन : निर्गम 18:1-27



निर्गमाच्या अठराव्या अध्यायावर आपण अनेक प्रवचने ऐकली असतील. मंडळीत नव्या कमिटीची निवड व्हावयाची असली की हा अध्याय हमखास वाचला जातो. इथ्रोने दिलेला सल्ला, हजाराहजारांवर, शंभराशंभरांवर, पन्नासापन्नासांवर व दहादहांवर नेमलेले नायक, ही सर्व हकिकत आपल्या परिचयाची आहे. परंतु तेथे पोहोचण्याच्या घाईत अध्यायाचा पूर्वार्ध आपण भरभर वाचून टाकतो. आज तोच भाग सावकाश वाचावा अशी विनंती आहे.

इथ्रो रानात एकटा आला नव्हता. मोशेने आपली पत्नी सिप्पोरा हिला माघारी पाठविले होते. तिला आणि गेर्षोम व एलियेजर ह्या तिच्या दोन मुलांना बरोबर घेऊन तो देवाच्या पर्वताजवळ आला. म्हणजे ही बायकोमुलांची फार दिवसांनी होणारी भेट होती. मध्यंतरी केवढे मोठे प्रसंग घडून गेले होते! मिसरावर पीडा आल्या, समुद्र दुभंगला, मान्ना पडला. मोशे सासऱ्याला सामोरा गेला, त्याला नमन केले, त्याचे चुंबन घेतले, परस्परांचे क्षेमकुशल विचारले. मग डेऱ्यात बसून त्याने परमेश्वराने केलेली सर्व कृत्ये त्याला सांगितली. यज्ञ झाले, अहरोन व इस्राएलाचे वडील भोजनास आले. पत्नी व मुले ह्यांच्याशी मोशे काय बोलला, ह्याविषयी मात्र एक अक्षरही लिहिलेले नाही. आणि लगेच पुढची नोंद येते ती दुसऱ्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी मोशे न्याय करावयास बसला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्याभोवती उभे राहिले.

शास्त्र जेथे मौन पाळते तेथे आपण फार बोलू नये. मोशेने मुलांकडे दुर्लक्ष केले असे वचनात म्हटलेले नाही. पण सासऱ्याच्या डोळ्यांनी तो दिवस पाहा. मुलीला व नातवांना इतक्या लांब आणून सोडले, आणि जावई उजाडल्यापासून मावळेपर्यंत गर्दीत. इथ्रोने विचारलेल्या प्रश्नात एका याजकाचे शहाणपण आहेच, पण त्यात मुलीच्या बापाचेही काळीज असावे असे मला नेहमी वाटत आले आहे.

हा अध्याय आज मी विशेषेकरून एका वर्गासाठी उघडीत आहे. आपल्या मुलांच्या शाळेत स्वेच्छेने, विनामोबदला काम करणारे जे आईबाप आहेत, त्यांच्यासाठी. प्रत्येक शाळेत अशी एक माउली असते. पालक-शिक्षक संघात तीच, वर्गप्रतिनिधी तीच. स्नेहसंमेलनाच्या वेशभूषा भाड्याने आणावयाच्या, तर दुकान तिलाच ठाऊक. क्रीडादिनी ग्लुकोजचे पाणी तिने कालवावे, आनंदमेळ्याच्या कुपनांचा हिशेब तिने ठेवावा, सहलीच्या बसमध्ये तिने बसावे. शाळेचा नाताळचा कार्यक्रम आला की गव्हाणीच्या गवतापासून देवदूतांच्या पंखांपर्यंत सर्व तिच्या शिरावर. मिशनची शाळा असेल आणि ती स्वतः ख्रिस्ती असेल, तर बोलावयासच नको. शिवाय रविवारी संडे स्कूल आहेच! आता तर मोबाइलवरील पालकांच्या गटामुळे रात्री अकरा वाजतासुद्धा प्रश्न येतो की उद्या पांढरे मोजे की निळे? आणि उत्तर द्यावयाचे ते तिनेच.

ह्या सेवेला कोणी हलके लेखू नये. शाळा ह्या पगारी माणसांवर जितक्या चालतात तितक्याच अशा आयांवर चालतात. हे काम देवाच्या दृष्टीने उपासनेपेक्षा कमी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ती माउली संध्याकाळी दमून घरी येते तेव्हा तिचा स्वतःचा मुलगा दप्तर उघडून काही सांगू पाहत असतो, आणि ती म्हणते, “थांब रे, एवढा एक फोन करू दे.” ज्या शाळेसाठी ती दिवसभर राबली ती शाळा त्याच मुलासाठी होती. हे लक्षात घेतले म्हणजे इथ्रोचा प्रश्न किती जवळचा आहे हे कळते.

इथ्रोने विचारले की तू हे काय चालविले आहेस, आणि एकटाच का बसतोस? मोशेचे उत्तर लक्षपूर्वक वाचा. तो म्हणतो की लोक माझ्याकडे येतात. हे उत्तर खरे आहे, पण प्रश्न “एकटाच का” असा होता आणि त्याला त्याने उत्तर दिलेच नाही. आपणही असेच करतो. “मुख्याध्यापिका मलाच बोलावतात, मी काय करू?” “दुसरे कोणी पुढे येतच नाही.” लोक येतात हे खरे. ते दुसरीकडे कोठे जातील, ह्याची सोय आपण कधी केली होती काय, हा प्रश्न उरतोच.

त्यावर इथ्रोने जे सांगितले त्याचा एक भाग आपण विसरतो. हे काम चांगले नाही, असे तो म्हणतो. पाप आहे असे नव्हे, वाईट हेतूने केले आहे असे नव्हे, फक्त चांगले नाही. आणि का चांगले नाही? तू थकून जाशील, आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही थकून जातील. आपण “तू थकशील” एवढेच ऐकतो व विश्रांतीविषयी उपदेश करू लागतो. लोक का थकावेत? कारण ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे आहेत. एकाच्या दाराशी सहा लाखांची रांग. जो सर्व काही स्वतः करतो तो लोकांची सेवा करतो असे दिसते खरे, पण तो लोकांना उभे करून ठेवतो. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात पायी निघालेल्या पुरुषांची संख्या सुमारे सहा लाख दिली आहे. दहादहांवर एक नायक म्हटले तर साठ हजार माणसे हवीत. साठ हजार! तेवढी माणसे त्या छावणीत होती, पात्र होती, आणि त्या दिवसापर्यंत त्यांपैकी एकालाही कोणी विचारले नव्हते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने येते. यरुशलेमात शिष्यांची संख्या वाढली आणि हेल्लेणी, म्हणजे ग्रीक भाषा बोलणाऱ्या बांधवांनी कुरकुर केली की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते. तक्रार खरी होती. बारा प्रेषितांनी काय केले? त्यांनी स्पष्ट नकार दिला. विधवांची उपासमार क्षुल्लक आहे असे ते म्हणाले नाहीत, पण वचनाची सेवा सोडून पंक्तीची व्यवस्था आम्ही पाहणे योग्य नाही असे त्यांनी सर्वांना एकत्र बोलावून सांगितले. विधवांसारख्या प्रश्नावर नकार देण्यास केवढे धैर्य लागले असेल! मग मंडळीने सात जण निवडले. त्यांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ग्रीक नावे त्या काळी इतर यहूद्यांतही असत हे खरे, पण सातांपैकी सात पाहिली म्हणजे माझा तरी असा समज होतो की ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती मंडळीने वाटणीची व्यवस्था दिली.

आता शाळेकडे वळा. आपल्या पालकसभेत कुरकुर कोण करतो, आणि कोण मुळीच बोलत नाही? 2009 च्या बालशिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे असे कलम 21 म्हणते. महाराष्ट्रात शुल्क नियमनाच्या 2011 च्या कायद्याखाली पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडावयाची असते. मत्थियाची निवड ज्यांना आठवते त्या आपल्या वाचकांना ह्याचे नवल वाटू नये. कायदेमंडळाला जे सुचले ते आपल्याला सुचावयास हवे होते. रिक्षा चालविणारा बाप, चार घरची धुणीभांडी करणारी आई, सुरक्षारक्षकाची रात्रपाळी करून आलेला पालक, ह्यांना काम सांगावयाचे कोणाच्या मनातच येत नाही. “त्यांना कोठून वेळ?” असे आपण परस्पर ठरवून टाकतो. आपल्या मिशनच्या शाळा ज्यांच्यासाठी निघाल्या त्यांचीच ही लेकरे आहेत. त्या आईला साडी नेसविता येते, शंभर माणसांचा भात करता येतो, त्या बापाला शहरातील प्रत्येक मंडपवाला ठाऊक आहे. तिला कोणी विचारले नाही म्हणून ती मागच्या बाकावर बसते, आणि आपण पुढे बसून दमतो.

हे सर्व मान्य झाले तरी “नाही” हा शब्द तोंडातून निघत नाही, ही खरी अडचण आहे. आपल्या मराठीत नकार देण्याची एक विशेष रीत आहे. आपण “नाही” म्हणतच नाही, आपण “बघू” म्हणतो. “बघते, जमवते.” ऐकणारा तो होकार समजून निघून जातो, बोलणाऱ्याने तो नकार समजून दिलेला असतो, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री दोघेही एकमेकांवर रुष्ट होतात. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या वाडवडिलांनी म्हटले ते उगीच नव्हे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने होकार तो होकार व नकार तो नकार असावा असे शिकविले. “बघू” ह्या शब्दाला तेथे जागा नाही.

दुसरी रीत सबबीची. सासूबाईंना बरे नाही, पाहुणे आहेत. पाहुणे खरोखरच असतील तर प्रश्न नाही. पण नसलेल्या पाहुण्यांच्या आडून दिलेला नकार आत्म्याला जड करतो, आणि पाहुणे गेले की काम पुन्हा दारी येतेच.

नहेम्याचे उदाहरण घ्या. यरुशलेमाच्या भिंतीचे काम चालू असता सनबल्लट व गेशेम ह्यांनी त्याला ओनोच्या मैदानातील गावी भेटीस बोलाविले. निरोप धाडणारे शत्रू होते, आपल्या मुख्याध्यापिका काही शत्रू नव्हेत, ही तुलना तेवढ्यापुरतीच धरावी. त्याने कळविले की मी मोठे काम करीत आहे, ते सोडून मला खाली येता येत नाही. त्यांनी चार वेळा निरोप पाठविला आणि त्याने चारही वेळा तेच उत्तर दिले. त्याने उत्तर लांबविले नाही, दुसऱ्या वेळी नवे कारण शोधले नाही, चौथ्या वेळी कंटाळून होकार दिला नाही. ती भिंत बावन्न दिवसांत पुरी झाली.

मात्र ह्याच पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आणखी एक नकार आहे. तकोवकरांनी आपला वाटा बांधला, पण त्यांच्या सरदारांनी त्या कामाला मान लावली नाही. लूकाच्या चौदाव्या अध्यायातील भोजनाचे आमंत्रण नाकारणारेही आपल्याला आठवत असतील. एकाने शेत घेतले होते, एकाने बैलांच्या पाच जोड्या, एकाने बायको केली होती. तेव्हा प्रत्येक नकार पवित्र असतो असे मुळीच नाही. नहेम्याच्या नकारामागे भिंत होती, त्या सरदारांच्या नकारामागे फक्त त्यांची मान. आजवर ज्याने शाळेचा उंबराही ओलांडला नाही त्याने हा लेख वाचून हायसे वाटून घेऊ नये! त्याच्याकडेच पुढील जूनमध्ये काम यावे ह्यासाठी हे लिहिले जात आहे.

मग नकार कशाला द्यावा आणि कशाला नाही? गलतीकरांस लिहिताना पौल एकाच अध्यायात, सहाव्या अध्यायात, दोन गोष्टी सांगतो. एकमेकांची ओझी वाहा, असे दुसऱ्या वचनात, आणि प्रत्येकाने आपापला भार वाहिला पाहिजे, असे पाचव्या वचनात. हा विरोध नव्हे. मूळ ग्रीकमध्ये दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिल्या ठिकाणी ‘बारोस’, म्हणजे माणसाला दाबून टाकणारे वजन. दुसऱ्या ठिकाणी ‘फोर्तियोन’, म्हणजे ज्याचा त्याने वाहावयाचा बोजा. माझे ओझे हलके आहे असे प्रभू म्हणतो तेथेही हाच दुसरा शब्द येतो. दीडशे मुलांच्या वेशभूषा हे ‘बारोस’ आहे. ते वाटून घेतले पाहिजे, आणि वाटून घेतले तर ते कोणालाच दाबून टाकणार नाही. पण आपल्या मुलाशेजारी रात्री पाच मिनिटे बसून, आज वर्गात कोण रडले, कोणी चिडविले, गणित का चुकले, हे ऐकणे हा आपला ‘फोर्तियोन’ आहे. तो दुसऱ्या कोणाकडे सोपविता येत नाही. देवदूताचे पंख कोणीही शिवील. त्या पंखांखालच्या मुलाला आई मात्र एकच आहे, आणि बापही एकच. हे बापांनीही वाचावे, कारण शाळेतील कामाच्या यादीत त्यांची नावे फार क्वचित दिसतात.

प्रभू येशूनेही खऱ्याखुऱ्या गरजेला नकार दिला आहे. मार्काच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूम येथे संध्याकाळी सारे नगर दाराशी लोटले होते, त्याने पुष्कळांना बरे केले. पहाटे तो एकांती प्रार्थनेस गेला. शिमोन व सोबती त्याला शोधीत आले व सर्व लोक तुझा शोध करीत आहेत असे म्हणाले. तो म्हणाला की आपण जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ. त्या सकाळी कफर्णहूमच्या दाराशी कोणी रोगी आलाच नसेल असे आपण समजू नये. सर्व लोक शोध करतात, एवढ्यावरून ते काम पित्याने आपल्याला दिले आहे असे त्याने ठरविले नाही. आणि हा निर्णय प्रार्थनेनंतरचा आहे, हेही पाहून ठेवावे. फोन वाजत असतानाच उत्तर देण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही. “उद्या सकाळी सांगते” असे म्हणून खरोखर उद्या सकाळी सांगणे हे “बघू” म्हणण्यासारखे नव्हे.

आता सोपविण्याविषयी. पुष्कळांची समजूत अशी की आपण कामे सोपवितोच. पण बहुधा आपण मदतनीस गोळा करतो. “तू फुगे फुगव, तू खुर्च्या लाव, बाकी मी पाहते.” हे सोपविणे नव्हे. इथ्रोने सांगितले की लहान प्रकरणांचा न्याय त्या नायकांनीच करावा व मोठे तेवढे मोशेकडे आणावे. म्हणजे निर्णय त्यांच्या हाती. आनंदमेळ्याची जबाबदारी एखाद्या भगिनीला द्यावयाची तर अख्खी द्यावी : पेटीची किल्ली, मांडववाल्याचा नंबर, खर्चाची मर्यादा, आणि गेल्या वर्षी काय कमी पडले ते एका कागदावर लिहून. इतके झाले की त्या दिवशी आपण ग्राहक म्हणून जावे, भेळ विकत घ्यावी व घरी यावे. कोणाला विचारावे ह्याविषयी इथ्रोच्या चार कसोट्या आहेत : कर्तबगार, देवाचे भय बाळगणारे, विश्वासू, आणि लाचेचा तिटकारा करणारे. “ज्याला भरपूर रिकामा वेळ आहे” ही कसोटी त्यांत नाही, हे कृपया पाहावे. आपण मात्र प्रथम तीच लावतो, आणि म्हणून प्रत्येक वेळी नोकरी न करणाऱ्या त्याच दोन गृहिणींकडे जातो. चौथी कसोटी हिशेबाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. कुपनांचे पैसे दोघांनी मिळून मोजावेत आणि दोघांनीही वहीवर सही करावी. त्यात अविश्वास नाही, दोघांच्याही नावाचे रक्षण आहे.

दुसऱ्याने केलेले काम आपल्यासारखे होणार नाही. पडदा थोडा वाकडा लागेल, लाडू लहान वळले जातील, गव्हाणीतला मेंढपाळ शाल उलटी पांघरून येईल. होऊ द्यावे. त्या वाकड्या पडद्यापुढे जाऊन तो सरळ करण्याचा मोह ज्याला आवरत नाही त्याने काम सोपविलेच नव्हते. आणि येथेच आपल्या हृदयाची परीक्षा होते. भिडेखातर आपण होकार देतो हे खरे, पण त्याखाली आणखी एक थर असतो. माझ्यावाचून चालत नाही, ही भावना गोड असते. गणनेच्या अकराव्या अध्यायात सत्तर वडिलांवर आत्मा उतरला, तेव्हा एल्दाद व मेदाद हे दोघे निवासमंडपाकडे न येता छावणीतच संदेश देऊ लागले. एका तरुणाने धावत येऊन ते मोशेला सांगितले, आणि यहोशवा त्यांना मना करा असे म्हणाला. मोशेने त्यालाच विचारले की माझ्यासाठी तू हेवा करतोस काय? परमेश्वराचे सर्वच लोक संदेष्टे असते तर बरे, अशी इच्छा त्याने बोलून दाखविली. आपल्या हातातील काम दुसऱ्याच्या हाती गेले, तेही आपल्या डोळ्यांआड गेले, आणि तरी त्याला आनंद झाला. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या हातून स्नेहसंमेलन अधिक सुरेख झाले आणि मुख्याध्यापिकांनी व्यासपीठावरून तिचे नाव घेतले, तर आपल्याला काय वाटेल? हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या खोलीत दार लावून विचारावा.

यरुशलेमातील त्या सातांचे पुढे काय झाले ते पाहा. पंक्तीच्या व्यवस्थेसाठी निवडलेला स्तेफन सभेपुढे निर्भयपणे उभा राहिला व पहिला रक्तसाक्षी झाला. फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगू लागला, आणि गाझाच्या वाटेवर कूशी अधिकाऱ्याच्या रथाशेजारी तोच धावला. बारा जणांनी सर्व आपल्याच हाती ठेवले असते तर ह्या दोघांना कोणी ओळखले असते?

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही असे घडले आहे. 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडणाऱ्या पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुलींना आणून केडगावी आश्रय दिला. 1900 च्या दुष्काळानंतर ती संख्या शेकड्यांवरून सुमारे दोन हजारांपर्यंत गेली. एका बाईला इतक्यांना जेवूखाऊ घालणे व शिकविणे शक्य होते काय? शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुली शिक्षिका झाल्या, देखरेख करू लागल्या, अगोदर आलेल्यांनी नंतर आलेल्यांना सांभाळले. जिला कालपर्यंत कोणी वाचविले होते ती आज दुसरीचे केस विंचरीत होती. शाळेचा मोठा भार रमाबाईंची कन्या मनोरमाबाई हिने उचलला. म्हणूनच उत्तरायुष्यात रमाबाईंना मूळ भाषांतून शास्त्राचे सुबोध मराठी भाषांतर करण्यास बसता आले, आणि 1922 मध्ये त्या निवर्तल्या तेव्हा ते काम त्यांच्या हातून पुरे झालेले होते.

महाराष्ट्रात जूनमध्ये शाळा उघडतील. दिल्ली, इंदूर वा हैदराबाद येथे राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या मुलांची शाळा त्याच्या आगेमागे सुरू होत असेल. पहिली पालकसभा होईल. मुख्याध्यापिका वर्षभराच्या कामांची यादी वाचतील व विचारतील की ह्याची जबाबदारी कोण घेईल? मग सभेत ती सुपरिचित शांतता पसरेल. कोणी पर्स उघडील, कोणी खिडकीबाहेर पाहील. दर वर्षी ही शांतता अर्ध्या मिनिटाच्या आत कोण मोडते हे आपल्याला माहीत आहे. ह्या खेपेस एखादे काम आनंदाने घ्यावे, आणि मग हात मांडीवर ठेवून ती शांतता थोडी लांबू द्यावी. मागच्या बाकावर अर्ध्या दिवसाचा खाडा करून आलेली एक आई बसली असेल. तिच्याकडे वळून, तिच्या मुलाचे नव्हे तर तिचे स्वतःचे नाव घेऊन विचारावे, “ताई, हे तुम्ही पाहाल काय?”